गार्दोनेचे पिस्तूल

आमच्या आरमोरीच्या पलीकडे, जंगलातल्या खेड्यांतून, धानाची राखण आणि रानडुकरांची शिकार यांसाठी घराघरांत भरमार बंदुका असत. नळीतून दारू ठासायची, छर्रे भरायचे आणि बार काढायचा. अलीकडच्या वर्षांत पोलिसांच्या आवाहनावरून गावकरी त्या स्वतःहून आणून जमा करू लागले आहेत. गावच्या लोहाराने घडवलेल्या या बंदुकीवर ना साल असते ना क्रमांक. तिने कोणाचा जीव घेतला, कोणाचे पीक वाचवले, हे सारे तिच्या धन्याबरोबरच नाहीसे होते.

कारखान्यात तयार झालेल्या शस्त्राचे तसे नसते. युरोप-अमेरिकेत महायुद्धातील लष्करी पिस्तुले जमवणारे असंख्य हौशी लोक आहेत. त्यांची सारी विद्या म्हणजे अक्षरे वाचण्याची विद्या. इटलीच्या सैन्यातील बेरेत्ता पिस्तुलाचे, म्हणजे 1934 च्या नमुन्याचे, उदाहरण घ्या. छोट्या 9 मिलिमीटर काडतुसाचे, एका वेळी सात गोळ्या घेणारे हे आटोपशीर हत्यार. त्याच्या अंगावर नेहमीच्या सालाशेजारी रोमन आकडाही कोरलेला असतो. मुसोलिनीच्या सत्ताग्रहणापासून, म्हणजे ऑक्टोबर 1922 पासून, मोजलेले ते फॅसिस्ट वर्ष! ख्रिस्तजन्माची कालगणना पुरेशी वाटू नये, एवढा त्या राजवटीचा ताठा होता. आपल्याकडे मात्र असा संग्रह सामान्य नागरिकाला करता येत नाही. 9 मिलिमीटरचे पिस्तूल शस्त्र कायद्याखाली निषिद्ध बोअरचे ठरते, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रे बाळगता येतात. मला यात काही वाईट वाटत नाही.

हे पिस्तूल उत्तर इटलीतील ब्रेशाजवळच्या वाल त्रोंपिया या खोऱ्यातील गार्दोने गावचे. व्हेनिसच्या शस्त्रागाराला बंदुकांच्या 185 नळ्या पुरवल्याची बेरेत्ता घराण्याची नोंद 1526 सालची आहे. याच खोऱ्याच्या तोंडाशी कोंचेझियो नावाचे गाव आहे. तेथे 26 सप्टेंबर 1897 रोजी ज्योव्हान्नी बात्तिस्ता मोंतिनी, म्हणजेच पुढे पोप झालेले सहावे पॉल, यांचा जन्म झाला. एकाच नदीच्या काठची ही दोन गावे आहेत. त्यांच्याकडे पुन्हा येऊ.

1941 च्या प्रारंभी एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर भारतीय चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजनने इटालियन सैन्याशी निकराची झुंज दिली. त्यांत मराठा पलटणही होती. 27 मार्चला केरेन पडले. पूर्व आफ्रिकेच्या त्या मोहिमेत इटालियन सैनिक हजारोंनी शरण आले, आणि त्यांच्यापैकी कित्येक युद्धकैदी म्हणून हिंदुस्थानात आले. कैद्यांबरोबर त्यांची पिस्तुलेही या हातातून त्या हातात गेली. जिंकलेल्या शत्रूची आठवण म्हणून शिपाई ती जवळ ठेवी. संग्रहाची हौस खरे तर रणांगणावरच सुरू होते.

अशाच एका बेरेत्ता पिस्तुलाचा क्रमांक होता 606824. अबिसीनियाच्या मोहिमेतून ते ग्वाल्हेर संस्थानच्या एका लष्करी अधिकाऱ्याबरोबर आले, असे त्याविषयीच्या लेखनात सांगितलेले आढळते. युद्ध संपल्यावर देशात अशी शस्त्रे चोरून फिरत होती. 20 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनासभेत जो कट फसला, त्यातील हत्यारेही अशीच इकडूनतिकडून मिळवलेली होती. पुण्याच्या गोपाळ गोडसेकडे लष्करी रिव्हॉल्व्हर होते. त्या दिवशी झाडीत चाचणी घेतली तेव्हा एकाचे चक्र फिरेना, दुसऱ्याची गोळी लक्ष्यापर्यंत पोहोचेना. चांगले हत्यार हवे म्हणून नथुराम गोडसे आणि नारायण आपटे 27 तारखेला ग्वाल्हेरला गेले. तेथील डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या घरी ते उतरले, असे खटल्यात पुढे आले. 28 च्या रात्री ते परतीच्या गाडीत बसले, तेव्हा 606824 त्यांच्यापाशी होते.

30 जानेवारीच्या संध्याकाळी त्यातून तीन गोळ्या सुटल्या.

लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने 10 फेब्रुवारी 1949 रोजी निकाल दिला. परचुरे अपिलात निर्दोष सुटले, तीन आरोपी फरारीच राहिले. पुणे काय, ग्वाल्हेर काय, ही सारी मराठी बोलणारी घरे होती, हे आपण मराठी वाचकांनी विसरता कामा नये. कित्येक वर्षांनंतर चौथी गोळी आणि दुसरे पिस्तूल होते अशी शंका काढून फेरतपासाची मागणी झाली. सर्वोच्च न्यायालयाने 28 मार्च 2018 रोजी ती फेटाळली. लोखंडावर कोरलेला क्रमांक असा सत्तर वर्षांनीही साक्षीला उभा राहतो. आमच्या भरमारीला ते साधत नाही.

गांधीजींच्या वस्तूंचाही बाजार भरतोच. 2020 साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे त्यांच्या चष्म्याला लिलावात 2 लाख 60 हजार पौंड मिळाले. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या माणसाचा तो चष्मा!

आता त्या खोऱ्याकडे वळू. डिसेंबर 1964 मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक परिषदेसाठी पोप सहावे पॉल मुंबईस आले. आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांनी त्यांना ओव्हल मैदानावर पाहिलेही असेल. राष्ट्रांनी शस्त्रस्पर्धा थांबवावी आणि लष्करी खर्चातील निदान काही भाग गरीब देशांच्या साहाय्यनिधीला द्यावा, असे आवाहन त्यांनी या भेटीत केले. ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या 1967 च्या विश्वपत्रात त्यांनी मुंबईतील त्या आवाहनाचा पुन्हा उल्लेख केला. शस्त्रांच्या कारखान्यांचा धूर ज्यांनी बालपणापासून पाहिला, त्यांच्या तोंडचे ते शब्द होते. गार्दोनेचा कारखाना आजही चालू आहे, आणि आजही तो त्याच घराण्याच्या हाती आहे.