पंचाहत्तर रुपयांचा संसार

साधे राहावे, गरजा आवराव्या, हा उपदेश आपल्याकडे संतांच्या काळापासून चालत आलेला आहे, आणि तो ऐकून घेण्यास सहसा कोणाची हरकत नसते. परंतु साधेपणा हा जेव्हा करार होतो आणि दर महिन्यास घरच्या जमाखर्चात उतरतो, तेव्हा त्याचे काय होते, हे पाहावयाचे असल्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पुण्याकडे वळावे लागेल.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर मागाहून येऊन मिळाले. पुढे १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उघडले. संस्थेचा आजीव सभासद होणाऱ्याने वीस वर्षे शिकवावयाचे आणि मासिक पंचाहत्तर रुपयांवर संसार चालवावयाचा, अशी बोली होती. पदवीधरास सरकारी नोकरीचा अथवा वकिलीचा मार्ग मोकळा असण्याचे ते दिवस होते. म्हणजे हे दारिद्र्य नव्हते. पुढ्यात आलेले ताट समजून उमजून दूर सारणे होते.

वाद पडला तो याच ठिकाणी. ताट दूर सारावयाचे, पण किती? टिळकांचा आदर्श जेझुइट पाद्र्यांचा. सभासदाने आपला सारा वेळ व सारी शक्ती संस्थेस द्यावी, बाहेरच्या मिळकतीकडे पाहू नये, असे ते निक्षून म्हणत. आगरकरांचे म्हणणे असे की, आम्ही संन्यासी नव्हे, संसारी आहो. मुलेबाळे वाढतात, आजारपणे येतात, आणि पोटापुरते मिळाल्यावाचून काम नीट होत नाही. हा वाद वाचताना एक गोष्ट माझ्या मनात वारंवार येते. टिळकांच्या पाठीशी वडिलार्जित थोडा तरी आधार होता. आगरकर टेंभूच्या अगदी गरीब घरातून आलेले, आणि त्यातून दम्याने जर्जर. विद्यार्थिदशेतच त्यांनी आईस पत्र लिहून, मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असे कळविले होते. ज्याने गरिबी जन्मापासून भोगली, तोच पगारवाढीची बाजू मांडीत होता. त्यास लोभी म्हणणे मला तरी शक्य होत नाही. टिळकांचा आग्रहही खोटा नव्हता, कारण एकदा सवलतीचे दार उघडले की ते किती उघडावे याला माप राहत नाही.

अखेर गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करल्याचे निमित्त झाले आणि १८९० त टिळकांनी राजीनामा दिला. आगरकर १८९५ साली, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारले. गोखल्यांनी शिकविण्याची मुदत पुरी केली व १९०२ साली ते निवृत्त झाले.

टिळकांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागी १८९१ साली धोंडो केशव कर्वे आले. त्यांनी तर साधेपणा आणखी एक पायरी खाली नेला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला तो स्वतःची शिल्लक घालून. पुढे आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमास देऊन टाकली. आश्रम हिंगण्यास गेल्यावर कॉलेजचे काम आटोपून ते तिकडे पायी जात, हे सर्वांस ठाऊक आहे. घरात काय चालले होते, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. आजीव सभासदांच्या करारावर बायकांच्या सह्या नव्हत्याच.

ते कळते त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांच्या ‘माझे पुराण’ या १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रावरून. पतीविषयी त्यांच्या मनात आदर उणा नव्हता, परंतु मुलांसाठी काहीच मागे राहत नाही याचा संताप त्यांनी झाकून ठेवला नाही. त्या केवळ रागावून बसल्याही नाहीत. त्या सुईणीचे काम रीतसर शिकल्या, लोकांच्या घरी बाळंतपणे करू लागल्या, आणि त्याची फी घरखर्चास लावू लागल्या.