सुटे आहेत का?

आपल्याकडे कुठलीही गोष्ट सुटी मागणे हा थोडासा उद्धटपणाच समजला जातो. बसच्या कंडक्टरकडे सुटे मागून पाहा. एके काळी गॅसची नवी जोडणी घ्यायला जावे, तर शेगडीही गळ्यात पडायची. लग्नात नवरासुद्धा सुटा मिळत नाही. त्याच्याबरोबर दोन नणंदा, एक मामेसासरे आणि कुलदैवताची वार्षिक वारी असा जोड येतो, असे आमच्या सौ.चे म्हणणे आहे. मी बँकेत काउंटरवर बसतो. ‘सुटे नाहीत’ हे वाक्य मी जितक्यांदा उच्चारले असेल, तितक्यांदा रामनाम घेतले असते तर आज माझा मठ असता. तेव्हा टीव्हीच्या वाहिन्या सुट्या मिळायला या देशात किती वर्षे लागली, याचे मला मुळीच नवल वाटत नाही. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात येण्याची शक्यता नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वाहिनी एकच. निवडीचे स्वातंत्र्य होते, पण लावा किंवा बंद करा एवढेच. आणि बंद कोण करणार? त्यामुळे ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम गिरगाव-दादरच्या चाळी भक्तिभावाने पाहत. कुंडीतल्या तुळशीपलीकडे ज्यांची शेती गेली नाही, त्यांना भातावरचा तुडतुडा तोंडपाठ असे.

मग १९९१ साली आखाती युद्ध झाले. सीएनएनवर ते घरबसल्या दिसू लागले, पाठोपाठ स्टार आले, १९९२ साली झी आले. गच्च्यांवर छत्र्या उगवल्या आणि नारळाच्या झाडावरून, शेजारच्या गॅलरीतून काळ्या तारा घरात शिरल्या. केबलवाला नावाचा नवा मानकरी जन्माला आला. तो दरमहा रोख पैसे नेई, वहीत खूण करी, आणि काय दाखवायचे ते स्वतःच्या आवडीने ठरवी. १९९५ च्या कायद्याने त्याला पोस्टात नोंदणी करायला लावली, पण त्याची वही काही कोणाला तपासता आली नाही.

सगळी गोम त्या वहीत होती. वाहिनीवाले केबलवाल्याकडून घरटी पैसे मागत. केबलवाला घरे कमी सांगे. घरे कमी म्हणून वाहिनीवाले भाव वाढवीत, आणि वाढलेला भाव आमच्या दाराशी येई. खरी घरे किती, हे कोणालाच सांगता येईना, कारण तारेला मोजता येत नाही. एका तारेतून सगळ्यांना सगळेच मिळणार. एकाला गाळून दुसऱ्याला देणे तिला जमत नाही. ज्याला फक्त बातम्या हव्यात, तोही कुस्तीपासून कार्टूनपर्यंत सगळ्याचे पैसे भरी.

यावर उतारा म्हणून डबा आला. २००२ च्या अखेरीस संसदेने ‘कॅस’चा कायदा केला : घरोघरी सेट टॉप बॉक्स, आणि हवी तेवढीच सशुल्क वाहिनी. २००३ साली तो खऱ्या अर्थाने एकट्या चेन्नईत लागू झाला. मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत यायला ३१ डिसेंबर २००६ उजाडला. भाव मात्र ऐकण्यासारखे होते. किमान तीस मोफत वाहिन्यांचे ७७ रुपये आणि सशुल्क वाहिनी महिना ५ रुपये, वर कर. वडापावच्या भावात वाहिनी! पण शहराचा काहीच भाग निवडलेला. म्हणजे रस्त्याच्या अलीकडे हक्क आणि पलीकडे केबलवाला. महानगरांत सर्वांना डबा सक्तीचा व्हायला २०१२ साल लागले.

शेवटी २०१७ च्या मार्चमध्ये ट्रायने हुकूम काढला, कोर्टकचेऱ्या झाल्या, ३० ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले आणि १ फेब्रुवारी २०१९ च्या मुहूर्तावर आम्हांला सांगण्यात आले : निवडा. शंभर वाहिन्या वाहून आणण्याचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. हे ४० पैसे पाहून माझ्यातला कारकून सुखावला. त्या शंभरांत दूरदर्शनच्या वाहिन्या सक्तीच्या, आणि त्यांत एक ‘डीडी किसान’! माती आमची पाठ सोडायला तयार नव्हती.

त्या रविवारी आमच्याकडे यादी करायला कुटुंबसभा बसली. चिरंजीवांनी सहा क्रीडावाहिन्या मांडल्या, सौ.ने मालिकांच्या चार. मी बातम्यांची एक घेतली. आई म्हणाली, “मला काही नको रे, तुमचं होऊ दे.”

राइसप्लेटचे एक बरे असते. न मागता प्रत्येकाच्या ताटात कोशिंबीर पडते. सुटे घ्यायचे म्हटले, की तोंडाने मागावे लागते. आणि ज्यांनी जन्मभर काही मागितलेच नाही, त्यांचे ताट रिकामे राहते. म्हणून मी पेन खाली ठेवून म्हटले, “आई, तू सांगितल्याशिवाय यादी पुरी होणार नाही.” बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “कीर्तनाचं एक लाव. आणि ते कबड्डीचं असतं ना, ते काढू नकोस.” आजवर आमची समजूत, की आई नातवाला सोबत म्हणून तिथे बसते!

यादीची बेरीज केली, तर केबलवाल्याचा पोऱ्या म्हणाला, “काका, कशाला डोकं लावताय? पॅक घ्या, स्वस्त पडेल.” आणि खरेच पडत होते. १९ रुपयांपर्यंतची वाहिनीच गुच्छात घालता येईल, असा नियम होता. लगेच बड्या वाहिन्यांनी नेमके १९ रुपये भाव लावले आणि गुच्छावर भरमसाट सूट दिली. ही सूट ७० टक्क्यांपर्यंत जाते, असे पुढे ट्रायलाच आढळले. या गुच्छाला सरकारी भाषेत ‘बुके’ म्हणतात. लग्नपत्रिकेत आपण ‘आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत’ असे छापतो, तरी लोक आणतातच. आणि त्यातही गुलाब दोन, बाकी शोभेचा पाला.

मग ट्रायने सूट आवळली, वाहिन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, ३० जून २०२१ ला निकाल लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सूट ४५ टक्क्यांवर बांधली. आणि जुलै २०२४ मध्ये त्या १३० रुपयांची मर्यादाही उठली. दरम्यान चिरंजीव मोबाइलवर गेले. तिथे रिचार्जबरोबर चार ॲपांचा जोड न मागता येतो.

गुच्छाची बाजूही अगदीच लंगडी नाही. कोशिंबीर एकटी कोण मागवतो? सगळे सुटेच विकायचे ठरले, तर कीर्तनाची वाहिनी कुणाच्या जिवावर चालणार? पण ‘हे मला नको’ म्हणता येणे आणि त्याचे पैसे वाचणे, ही किंमत त्याहून मोठी आहे. पैसे वाचले नाहीत. आमच्याकडेही अखेर गुच्छच आला. तरी सुटे मागत राहावे, असे मी म्हणेन. मिळाले नाहीत, तरी घरात कोणाला काय हवे आहे, एवढे तरी कळते. आमच्या गुच्छात कबड्डी आहे की नाही, ते मी पैसे भरण्याआधी दोनदा तपासून घेतले.