जमीन गेल्यानंतरचे गाणे

जमीन माणसाच्या हातून तीन वाटांनी जाते. पहिली वाट सावकाराच्या गहाणखताची, दुसरी सरकारच्या भूसंपादनाच्या नोटिशीची, आणि तिसरी, जी दिसावयास सर्वांत सोपी परंतु परतावयास सर्वांत अवघड, ती मालकाच्या स्वतःच्या सहीची. पुणे जिल्ह्यातील मुळशी हा मुलूख, जो इंग्रजी अमदानीत हवेली तालुक्याचा एक पेटा म्हणून ओळखला जाई आणि ज्याचे ठाणे तेव्हाप्रमाणे आजही पौडास आहे, त्याने एका शतकाच्या अवधीत ह्या तिन्ही वाटा पाहिल्या. ह्या प्रत्येक वाटेने आपापले गाणे निर्माण केले आणि आपापला चित्रपटही. आणि नवल असे की ज्या रॉक संगीताचा आणि मावळच्या मातीचा काडीमात्र संबंध नाही असे आपण समजतो, त्या संगीतातील काही थोर गाणीही ह्याच तीन वाटांवर उभी असलेली दिसतात. ती गाणी आणि ते चित्रपट शेजारी शेजारी मांडून पाहिले, तर जमिनीविषयी कोण गातो, कोण गप्प राहतो आणि का, ह्याचा काही उलगडा होतो.

प्रथम त्या जमिनीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेल्या ह्या खोऱ्यात सपाट भूमी थोडी, पाऊस मात्र उदंड. उतारावर नाचणी आणि वरई, आणि तळाशी, बांध घालघालून पिढ्यान्‌पिढ्या सपाट केलेल्या खाचरांत, आंबेमोहोर भात. राब भाजावा, रोपे तयार करावी, आषाढाच्या सरींत गुडघाभर चिखलात वाकून आवण लावावे, आणि पीक घरात येताच त्यातले अर्धेअधिक सावकाराच्या दारी पोचते करावे, हा मावळ्याच्या आयुष्याचा ठरलेला क्रम होता. ह्या खोऱ्यातील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली होती, आणि कसणारा मालक आपल्याच खाचरात कुळासारखा राबत होता.

ह्या पहिल्या वाटेचे गाणे सभेत किंवा मिरवणुकीत जन्मले नाही, ते पहाटेच्या अंधारात जात्यापाशी जन्मले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्या दोघांनी पुण्याच्या आपल्या संशोधन केंद्रामार्फत महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या, आणि त्या कार्याचा उगम मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतच झाला. ओवीचे वैशिष्ट्य असे की ती एकटीने गायिली तरी एकटीची नसते. एक बाई पहिली ओळ सोडते, समोरची खुंट्याला हात देत दुसरी धरते, आणि दगडाच्या घरघरीत कोणाचे दुःख कोणाचे हे निवडता येत नाही. ज्या सावकाराविरुद्ध कचेरीत कैफियत देण्याचे सामर्थ्य घरात कोणापाशीही नव्हते, त्याच्या जाचाला निदान ह्या दगडापुढे वाचा फुटत असे.

ह्याच वाटेला पडद्यावर आणले ते बाबूराव पेंटरांनी. त्यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट 1925 साली, म्हणजे पुढे येणारा मुळशीचा धरणविरोधी लढा नुकताच विझला असताना, निघाला. नारायण हरी आपट्यांची कथा, तरुण व्ही. शांताराम शेतकऱ्याच्या भूमिकेत, आणि सावकाराच्या खोट्या कागदाने जमीन गमावून शहरातील गिरणीच्या दारात उभा राहिलेला नायक. मिट्ट काळोखात एक झोपडी आणि तिच्यापाशी विव्हळणारे कुत्रे, एवढ्या एका दृश्यासाठी ज्यांनी तो पाहिला त्यांनी तो जन्मभर स्मरणात ठेवला. पुढे 1953 साली बिमल रॉय ह्यांच्या ‘दो बीघा जमीन’मध्ये हाच शेतकरी शंभू होऊन कलकत्त्याची रिक्षा ओढू लागला. शंभूच्या हिशेबी 65 रुपये असलेले कर्ज जमीनदाराच्या वहीत 235 होते, आणि न्यायासन वहीला मानते, माणसाला नव्हे. जमिनीचा लिलाव झाल्यावर तिच्यावर उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या कुंपणापाशी शंभू वाकून मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी ती त्याला टाकावयास लावतो. हिंदी चित्रपटाने जमिनीविषयी सांगितलेले इतके थोडक्यात आणि इतके संपूर्ण वाक्य दुसरे नाही.

आता ह्याच्याच शेजारी अमेरिकेच्या मध्यप्रांतातील एक गाणे ठेवावे. 1985 साली जॉन मेलनकॅम्प ह्या गायकाने ‘रेन ऑन द स्केअरक्रो’ हे गाणे प्रसिद्ध केले, तेव्हा तिकडच्या हजारो शेतकऱ्यांची शेते बँकांच्या कर्जापायी लिलावात निघत होती. त्या गाण्यातील काळजाला घरे पाडणारी गोष्ट ही की, लिलाव पुकारणारा इसम परका नाही, जुना स्नेही आहे. पुण्याचा सावकार तरी मावळ्याला कोठे परका होता? लग्नकार्याला तोच उचल देई आणि जप्तीही तोच आणी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मेलनकॅम्प, विली नेल्सन आणि नील यंग ह्यांनी इलिनॉय प्रांतात कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी ‘फार्म एड’ नावाचा मोठा जलसा केला. एक वर्ष आधी निघालेला ‘कंट्री’ हा चित्रपट, ज्यात जेसिका लँग हिने जप्तीपुढे ठामपणे उभ्या राहिलेल्या शेतकरणीची भूमिका केली, तो म्हणजे त्याच गाण्याचा पडदा होय.

दुसऱ्या वाटेवर मात्र मुळशीने जगाच्या पुढे पाऊल टाकले. मुळा आणि निळा ह्या नद्यांचे पाणी अडवून, ते डोंगराच्या पलीकडे कोकणात भिरा येथे कोसळवून, त्यापासून मुंबईच्या गिरण्यांसाठी व आगगाड्यांसाठी वीज उत्पन्न करण्याची टाटा कंपनीची योजना होती, आणि त्यापायी पन्नासांवर गावांची जमीन पाण्याखाली जावयाची होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट ह्यांना ‘सेनापती’ ही पदवी ह्याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते. ‘जान किंवा जमीन’ ही तेथील प्रतिज्ञा होती. बापट स्वतः पद्यरचनाकार होते. आणि जो समुदाय बसला आहे, ज्याला उठविण्यासाठी शिपाई येणार आहेत, त्याने गाण्यावाचून दुसरे करावे तरी काय? ओवी दोन बायकांची होती. येथे प्रथमच ह्या खोऱ्याने मोठ्याने आणि एका सुरात आवाज काढला.

परंतु सत्याग्रहाच्या पोटातच एक भेग होती. गहाणाची जमीन बुडाली तर तिचा मोबदला कोणाचा? सावकाराचे हित जमीन वाचण्यात नव्हते, चांगला भाव येण्यात होते. आणि चळवळीला सल्ला देणाऱ्या पुण्याच्या पुढारी मंडळींत ह्या सावकारांचा वावर होता. पहिली वाट अशी दुसरीला येऊन मिळाली आणि तिने तिचे बळ शोषून घेतले. 1924 च्या डिसेंबरात सेनापतींनी धरणाच्या कामावरची गाडी अडविली, सात वर्षांची शिक्षा पत्करली, आणि त्यांच्या मागे लढा संपला. 1927 साली भिऱ्याची वीज मुंबईस वाहू लागली.

ह्या वाटेवरचा सर्वांत सुंदर चित्रपट माझ्या मते एलिया कझान ह्यांचा ‘वाइल्ड रिव्हर’, 1960 सालचा. टेनेसी नदीवर सरकार धरण बांधीत आहे, आणि पात्रातील बेटावर एला गार्थ नावाची वृद्धा बसली आहे, ती हलत नाही. समजूत घालावयास आलेल्या अधिकाऱ्यादेखत ती आपल्या गड्याला म्हणते, तुझे कुत्रे मला विक. तो नाही म्हणतो. ती भाव वाढविते, हुकूम करते. तो बिचारा गांगरतो, पण कुत्रे देत नाही. जे माणसाचे आहे ते विकावयास त्याला भाग पाडण्याचा हक्क कोणाला, हा सिद्धान्त मुळशीच्या सत्याग्रह्यांनी पत्रकांतून आणि सभांतून मांडला. कझानने तो एका कुत्र्याच्या निमित्ताने मांडला. अखेर वृद्धेला बेट सोडावे लागते आणि थोड्याच दिवसांत ती देह ठेवते.

ह्याचे रॉक संगीतातील भावंड ऑस्ट्रेलियात सापडते. ‘मिडनाइट ऑइल’ ह्या वाद्यवृंदाने 1987 साली ‘बेड्‌स आर बर्निंग’ हे गाणे काढले, ते तेथील पिंटुपी ह्या आदिवासींची भूमी त्यांना परत करा, ह्या मागणीचे. त्याची चाल पाय आपटीत चालणाऱ्या जमावाची आहे. ह्यातील गायक पीटर गॅरेट पुढे त्या देशाचा पर्यावरणमंत्री झाला, आणि 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकच्या सांगतेला ‘क्षमा’ हा शब्द छापलेले काळे कपडे घालून ह्या मंडळींनी तेच गाणे देशाच्या प्रधानमंत्र्यासमक्ष गायिले. जबरीने गेलेल्या जमिनीचे गाणे समुदायाचे असते, त्यात ‘आम्ही’ असतो, आणि समोर बोट दाखवावयास कोणी ‘तुम्ही’ही असतो.

तिसऱ्या वाटेवर हा ‘तुम्ही’ नाहीसा होतो. गेल्या शतकाच्या अखेरीस हिंजवडीस संगणक-उद्योगांची वसाहत उभी राहू लागली, भूगाव-पिरंगुटपर्यंत पुणे शहर सरकत आले, मोसे खोऱ्यात लवासा नावाचे गिरिनगर आखले गेले, आणि ज्या जमिनीला कालपर्यंत खंडीच्या भाषेत मोजीत त्या जमिनीला गुंठ्याच्या भाषेत मोजू लागले. एकराचे गुंठे चाळीस; एवढा साधा हिशेब, पण त्याने घराघरातील भाषा पालटली. अंगावर सोने, दारात नवी मोटार आणि सातबाऱ्यावरून उतरलेले नाव, अशा नव्या धनिकाला लोकांनी ‘गुंठामंत्री’ हे नाव दिले; त्यात हेवा किती आणि कीव किती हे सांगणे कठीण.

ह्या वाटेचा बखरकार मुळशीतच जन्मला. प्रवीण तरडे हे ह्याच तालुक्याचे. त्यांचा ‘मुळशी पॅटर्न’ 23 नोव्हेंबर 2018 रोजी झळकला. मोहन जोशी ह्यांनी रंगविलेला पाटील जमीन विकून बसतो, पैसा उडून जातो, आणि गावात मान असलेल्या ह्या माणसाच्या पाठीवर पुण्याच्या बाजारात पोत्यांची हमाली येते. ओम भूतकर ह्यांनी उभा केलेला मुलगा गुन्हेगारीच्या मार्गाला लागतो. शांतारामांचा शेतकरी गिरणीत गेला, बलराज साहनींचा शंभू रिक्षाला जुंपला गेला, आणि हा बाजारात. त्र्याण्णव वर्षांत वाट शहराकडेच गेली. भेद एकच, पण मोठा आहे: पहिल्या दोघांच्या कागदांत कपट होते, ह्याच्या कागदात नव्हते. मुलगा बापाला जाब विचारतो, आणि बापापाशी दाखवावयास सावकार नाही, कंपनी नाही. स्वतःची सही तेवढी आहे. चित्रपटातील ‘अरारारा’ हे नरेंद्र भिडे ह्यांच्या संगीतातील गाणे वरातींतून नाचण्यासाठी वाजू लागले. पराभवाची कथा सांगणाऱ्या चित्रपटाचे सर्वांत लोकप्रिय गाणे रुबाबाचे असावे, हा विरोधाभास नव्हे. ज्याला आपले दुःख कोणाविरुद्ध गावे हेच उमगत नाही, तो नाचतो.

ह्या एकाकी अवस्थेचे अचूक रॉक गाणे इंग्लंडच्या ‘जेथ्रो टल’ ह्या वाद्यवृंदाने 1987 साली गायिले. हे नावच मुळी अठराव्या शतकातील एका इंग्रज कृषिसुधारकाचे, ज्याने पेरणीचे यंत्र, आपल्या भाषेत पाभर म्हणावी असे, तयार केले. आणि त्या वृंदाचा नायक इयन अँडरसन हा रॉकच्या कोलाहलात बासरी वाजविणारा विरळा वादक. ‘फार्म ऑन द फ्रीवे’ ह्या त्यांच्या गाण्यातील शेतकऱ्याच्या शेतावरून हमरस्ता गेला आहे. मोबदला मिळाला आहे, गाडीही आहे. आता ह्या पैशाचे करावयाचे काय, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. गाण्यात घोषणा नाही, जमाव नाही, स्वतःशीच पुटपुटणारा एक माणूस आहे. मुळशीच्या पाटलाला ते गाणे कळले असते.

तेव्हा तीन वाटा आणि तीन स्वर: गहाणाचे गाणे कुजबुजीचे, जबरीचे गाणे समुदायाचे, सहीचे गाणे एकट्याचे. आवाज मोठा होत जाऊन पुन्हा लहान झाला, आणि हे घडले ते जमीन कमी प्रमाणात गेली म्हणून नव्हे, तर अधिक सभ्यपणे गेली म्हणून.

ह्यात विजेचा खेळही मोठा विलक्षण आहे. जिच्यासाठी खोरे बुडाले त्या विजेवाचून गिटार वाजत नाही आणि पडदा उजळत नाही. तीच वीज गावोगाव पिठाची गिरणी घेऊन आली आणि जाते कोपऱ्यात गेले. बाईचे कष्ट कमी झाले ही गोष्ट निःसंशय चांगली. पण त्या कष्टांबरोबर तिचे गाण्याचे ठिकाणही गेले, आणि त्याच्या जागी दुसरे तिला कोणी दिले नाही. वर सांगितलेला तिसऱ्या वाटेचा चित्रपट बाप आणि मुलगा ह्यांचा आहे, गाणे एका पुरुषाचे आहे. बाई त्यात कोठे आहे?

ती पौडास, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर आहे. मुलींचा वारसा कायद्याने मान्य झाल्यापासून खरेदीखताला बहिणींच्या सह्या लागतात, निदान हक्कसोडपत्र तरी लागते, म्हणून भावांच्या मोटारींतून त्या सासरहून आणल्या जातात. एका दुपारी मी तेथे पायरीवर बसलेली एक वृद्धा पाहिली. तिचा क्रमांक लागला, आत जाऊन ती बाहेर आली, आणि निळी शाई लागलेला अंगठा पदराला पुसू की नको अशा विचारात हात अंतरावर धरून उभी राहिली. नातवाने विचारले, “आजी, झालं का?” ती म्हणाली, “झालं बाबा, चला.” तिच्या आईने ह्या जमिनीवर ओव्या रचल्या असतील, तिने अंगठा दिला, आणि ती काही गुणगुणली नाही.