खिळे, चौकोन आणि दऱ्या

काळबादेवीच्या कोलभाट गल्लीत छापलेले निर्णयसागरचे ग्रंथ उघडले, की जोडाक्षरांची घट्ट बांधणी प्रथम नजरेत भरते. तोच मजकूर संगणकाच्या टर्मिनल खिडकीत उघडावा, तर ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरे फुटतात, क्वचित नुसते रिकामे चौकोन दिसतात. हा दोष आम्हांस नवा वाटत नाही.

जावजी दादाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकले आणि १८६९ साली त्यांनी निर्णयसागर काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी अक्षरे कोरली. रोमन अक्षर एका खिळ्यावर मावते; देवनागरीस वर मात्रा, खाली उकार, पोटात दुसरे व्यंजन. मुंबईच्या ‘डिग्री’ पद्धतीत मात्रा-उकारांचे वेगळे खिळे अक्षराच्या वर-खाली जुळवीत. जुळाऱ्यापुढची केस त्यामुळे अवाढव्य झाली. पण वाकले ते यंत्र, लिपी नव्हे.

पुढे उलटे वारे वाहिले. यंत्रास सोयीचे म्हणून लिपीच सुधारावी, असे अनेकांस वाटू लागले. सावरकरांच्या लिपिशुद्धीतील ‘अ’ची बाराखडी हे त्याचे ठळक उदाहरण. ती रूढ झाली नाही, याबद्दल आम्हांस खेद नाही.

टर्मिनल हा टंकलेखनयंत्राचाच वारस: प्रत्येक चिन्हास ठरावीक रुंदीचे घर. ‘क्षि’ युनिकोडमध्ये चार चिन्हांनी साठते: क, हलन्ताची खूण, ष, वेलांटी. एका प्रचलित मोजणीने त्यांस तीन घरे लागतात; डोळ्यास अक्षर एकच. सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने डॉसच्या पडद्यावर हा प्रश्न यंत्रातच सोडवला होता. युनिकोड मात्र केवळ चिन्हांचा क्रम जपतो. आकार घडवणे फॉन्टवर आणि आकार जुळवणाऱ्या प्रणालीवर सोडतो. पुष्कळ टर्मिनल त्या प्रणालीस विचारतच नाहीत.

उपाय दोन पायऱ्यांचा. चौकोन दिसत असतील, तर फॉन्टच नाही. लोहित किंवा नोटो देवनागरी बसवावा. अक्षरे दिसूनही फुटत असतील, तर खिडकी बदलावी: कॉन्सोल वा एमएलटर्म जोडाक्षरे जुळवतात, जरी रकाने थोडे सरकतात.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. दादरला एका जुन्या कादंबरीची संगणकीय प्रत तपासताना ‘दऱ्या’ हा शब्द आम्हांस टर्मिनलमध्ये मोडका दिसला: नुक्ता असलेला र, खाली हलन्त, शेजारी य. टंकदोष समजून आम्ही ऱ काढून साधा र घातला. शब्द सुरेख जुळला, पण ‘दर्या’ असा! सह्याद्रीत समुद्र शिरला. साध्या संपादकात मूळ फाइल उघडली, तेव्हा कळले, की शब्द आरंभापासून अचूक होता. तोवर अशा अकरा जागा आम्ही ‘शुद्ध’ केल्या होत्या. त्या एकेक करून परत फिरवल्या.