कॉस्मोटीअर : खलाशी आणि पुरवठा

अवकाशयान बांधून ते लढवण्याचा संगणकीय खेळ. वॉल्ट डेस्टलर यांनी रचलेल्या या खेळाची चाचणी-आवृत्ती बरीच वर्षे मोफत मिळत असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो ‘अर्ली ॲक्सेस’ स्वरूपात स्टीमवर विक्रीस आला. यातल्या यानात वीज तारेतून वाहत नाही. रिॲक्टरमध्ये तयार होणाऱ्या बॅटऱ्या खलाशी उचलतात आणि तोफा, ढाली, इंजिने यांच्यापर्यंत पायी पोहोचवतात. दारूगोळाही कारखान्यातून तसाच हातोहात जातो. त्यामुळे तोफांची संख्या ही यानाची कागदावरची ताकद ठरते. खरी ताकद खेपांवर अवलंबून असते.

तोफ रिकामी पडली की नवखा खेळाडू खलाशी वाढवतो. हा उपाय बहुधा चुकीच्या टोकाने सुरू होतो. रांगांच्या गणितातला एक नियम (जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली) इथे जसाच्या तसा लागू पडतो : लागणारे खलाशी म्हणजे दर सेकंदाला हव्या असलेल्या खेपा गुणिले एका फेरीचा वेळ. समजा, तोफेला दर दोन सेकंदांना एक खेप हवी आहे आणि जाऊन-येऊन वीस सेकंद लागतात, तर दहा माणसे अडकतात; रिॲक्टर जवळ आणून फेरी आठ सेकंदांवर आणली, तर चार पुरतात. उलट माणसे वाढवली की त्यांच्या निवासखोल्या यानात जागा खातात, वजन वाढवतात आणि बाकीचे भाग एकमेकांपासून लांब ढकलतात. म्हणजे ज्या अंतराने टंचाई आणली, तेच अंतर वाढते. मात्र आधी दुखणे ओळखावे. रिॲक्टरपाशी बॅटऱ्या पडून आहेत आणि तोफ उपाशी आहे, तर वाहतूक अपुरी. बॅटऱ्याच नाहीत आणि माणसे ताटकळत उभी आहेत, तर उत्पादन अपुरे. दुसऱ्या प्रकारात आणखी खलाशी घेणे निव्वळ उधळपट्टी होय.

यावर रास्त आक्षेप असा की रिॲक्टर फुटला तर आसपासचे सगळे घेऊन जातो, मग तो तोफांना का चिकटवायचा? आक्षेप खरा आहे, पण त्यातून रिॲक्टर दूर न्यावा असे निघत नाही. तो चिलखताआड, मधोमध ठेवून तोफा त्याच्याभोवती आणाव्यात, आणि मोठ्या यानात एका रिॲक्टरऐवजी दोन-तीन वेगळे गट करावेत, एवढेच निघते. खर्च वाढतो, हे मान्य. मधे वीजसाठा बांधला की भागते, असेही सांगितले जाते. साठा पहिल्या धुमश्चक्रीपुरता उपयोगी; लढाई लांबली की तोही रिकामा होतो, आणि तो भरायलाही खेपाच लागतात.

खलाशांना भूमिका व अग्रक्रम नेमून देण्याची सोय खेळात आहे. तिचा उपयोग नक्की होतो : ढाल भरणारा माणूस ऐन लढाईत दुसऱ्याच कामाला लागत नाही. पण वाईट आराखड्याला अग्रक्रम वाचवू शकत नाहीत. ते टंचाई कोणाच्या वाट्याला यावी एवढेच ठरवतात.

अंतर कमी ठेवण्याच्या या तर्काला खरा अपवाद रेलगन या तोफेचा. तिचे प्रवेगक एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येकाला वीज लागते, त्यामुळे ती आटोपशीर करताच येत नाही. अशा लांबुडक्या यानात सरकते पट्टे घालणे योग्य. मात्र पट्टा खलाशांना एकाच दिशेने पळवतो, म्हणून परतीची वाट वेगळी ठेवावी लागते.