वासोट्याची वाट : किल्ला, जलाशय आणि अभयारण्य

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, कोयना खोऱ्याच्या दाट अरण्यात उभा असलेला वासोटा ऊर्फ व्याघ्रगड हा आज महाराष्ट्रातील गिरिभ्रमण करणाऱ्या गटांचा एक आवडता किल्ला आहे. साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीस उतरावे, तेथे वनखात्याची परवानगी घ्यावी, शिवसागर जलाशयातून नावेने सुमारे दीड तासाचा प्रवास करून पैलतीर गाठावा, वाटाड्याच्या मागोमाग रानातून गड चढावा आणि अंधार पडण्यापूर्वी परत नावेत बसावे, असा या एका दिवसाच्या फेरीचा ठरलेला क्रम आहे. सहलीच्या सोयीसाठी कोणीतरी हा कार्यक्रम आखला असावा असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात त्यातील जवळजवळ प्रत्येक अट या खोऱ्याच्या गेल्या दोन शतकांच्या इतिहासातून उतरलेली आहे, आणि त्या इतिहासात किल्ल्याइतकाच वाटा धरणाचा व कायद्याचा आहे.

वासोट्याची उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे नेणारी परंपरा आहे. किल्ल्याचा ठळक उल्लेख मात्र सतराव्या शतकापासून येऊ लागतो. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी जिंकल्यानंतर हा सारा मुलूख स्वराज्यात आला आणि पुढे वासोटाही त्यात सामील झाला. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली होती. त्याचे शासन म्हणून १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीतील इंग्रजांना पकडण्यात आले व त्यांतील काहींना काही काळ याच गडावर ठेवण्यात आले. बंदिवानांसाठी वासोट्याची निवड होण्याचे कारण त्याच्या तटबंदीपेक्षा त्याच्या भोवतीच्या भूगोलात शोधावे लागते. पश्चिमेस कोकणात सरळ कोसळणारा कडा आणि पूर्वेस मैलोगणती पसरलेले, वाट न दाखवणारे रान अशी दुहेरी कोंडी असलेल्या जागेतून निसटलेला माणूस जाणार तरी कोठे, हा साधा हिशेब त्यामागे असावा.

या रानात वाट ठाऊक असणारी माणसे म्हणजे मेटकरी. किल्ल्याच्या चढणीच्या वाटेवर, मोक्याच्या जागी पहारा ठेवण्यासाठी वसवलेल्या चौकीवजा वस्तीला मेट म्हणत, आणि वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली हे ठिकाण अशाच वस्तीचे नाव टिकवून आहे. अशा वस्तीतील माणसांनी गडावर येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवावी, वाटा राखाव्यात आणि त्याबदल्यात जमीन कसून किंवा रानाच्या उत्पन्नावर जगावे, अशी ही व्यवस्था होती. ज्याला आज मार्गदर्शक म्हटले जाते, त्याचे काम या खोऱ्यात फार जुने आहे. फरक इतकाच की पूर्वीचा वाटाड्या वाट दाखवण्याइतकाच ती अडवण्यासाठीही नेमलेला असे.

वाटेवरचा हा ताबा किती मोलाचा होता, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन वेढ्यांतून दिसते. पहिला वेढा ताई तेलिणीचा. औंधच्या प्रतिनिधींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या या स्त्रीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध वासोटा कित्येक महिने झुंजता ठेवला, आणि गड हातचा गेला तो गडावरील धान्यकोठाराला आग लागल्यानंतर. दुसरा वेढा १८१८ मधला, इंग्रजांचा. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीच्या अखेरीस हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी येथे कैदेत होते. जनरल प्रिट्झलरच्या फौजेने रानातून तोफा ओढून नेण्यासाठी आधी रस्ता करून घेतला, मग शेजारच्या उंच डोंगरावरून, म्हणजे जुन्या वासोट्यावरून, गडावर मारा केला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किल्ला शरण आला. आजचे पदयात्री गडावर पोचल्यावर दक्षिणेकडे जो उघडा, प्रचंड बाबूकडा पाहून थबकतात, त्याच्या पलीकडचा डोंगर तो हाच जुना वासोटा होय. गडाचा पराभव त्याच्या शेजाऱ्याने केला, ही गोष्ट सांगणारे वाटाडे सांगतात, पण बहुतेक गटांचे लक्ष तोवर छायाचित्रांकडे गेलेले असते.

लष्करी महत्त्व संपल्यावर किल्ला ओस पडला. खोरे मात्र ओस पडले नाही, आणि येथे एका समजुतीची तपासणी करणे आवश्यक आहे. वासोट्याच्या रानाचे वर्णन हल्ली अस्पर्श अरण्य असे केले जाते. प्रत्यक्षात ब्रिटिश काळात सातारा जिल्ह्याच्या या भागात कुमरी शेती चाले; डोंगरउताराचा एक तुकडा तोडून व भाजून त्यावर नाचणी, वरी यांसारखी पिके काही वर्षे घ्यायची आणि मग तो पडीक सोडून दुसरा तुकडा निवडायचा, अशी ही पद्धत होती. १८७८ च्या वनकायद्याने मोठे क्षेत्र राखीव झाले आणि कुमरीवर उत्तरोत्तर निर्बंध आले. तरीही गावे, गुरे, देवस्थाने आणि कोकणात उतरणाऱ्या पायवाटा नांदत्या होत्या, आणि घाटमाथ्यावरच्या अनेक घरांतील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत कामाला जात. अंजनी, जांभूळ, हिरडा यांची आज दिसणारी घनदाट छाया काही ठिकाणी जुनी आहे. काही ठिकाणी मात्र ती माणसे उठून गेल्यानंतर दाटलेली आहे.

माणसे उठण्याचे पहिले मोठे कारण कोयना धरण. १९६० च्या दशकाच्या आरंभी पाणी अडू लागले आणि हेळवाकजवळील १०३ मीटर उंचीच्या या धरणामागे खोऱ्यातील भातखाचरे, गावठाणे व रस्ते बुडीत क्षेत्रात गेले. या जलाशयाला शिवसागर हे नाव मिळाले. धरणग्रस्तांपैकी पुष्कळांना इतर जिल्ह्यांत जमिनी देण्याचे ठरले, त्यांतील कित्येकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढील दोन पिढ्या आंदोलनांतून मांडले जात राहिले, आणि जे मागे राहिले ते पाण्याच्या वर, डोंगराच्या अंगाला सरकले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने या उरलेल्या वस्त्यांनाही मोठा तडाखा दिला. वासोट्यापुरते पाहिले तर धरणाचा परिणाम असा झाला की जो गड पूर्वी पायी गाठला जाई, त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये पाणी आले व नाव अपरिहार्य झाली. नदीच्या खोऱ्यातून गडाकडे जाणारी जुनी वाट आज जलाशयाच्या तळाशी आहे. म्हणून उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठापासून चालण्याचे अंतर वाढते आणि बुडालेल्या शेतांचे बांध उघडे पडतात.

दुसरे कारण संरक्षणाचा कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवान्याविना प्रवेश करता येत नाही, आणि असा परवाना अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन यांसारख्या ठरावीक कारणांसाठीच देता येतो. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले तेव्हा वासोटा आणि त्याच्या पायथ्याची गावे या तरतुदींच्या कक्षेत आली. पुढे २०१० मध्ये कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, ज्याचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर आहे, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत कोयनेचा समावेश झाला. प्रत्येक टप्प्यागणिक वस्ती विरळ झाली आणि नियम दाट झाले. मेट इंदवलीस आता गाव नाही. तेथे वनखात्याची चौकी आहे, जेथे पदयात्रींची नोंद होते आणि सोबतच्या प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतली जाते. ज्या ठिकाणी मेटकरी वाट राखत होते, तेथेच आज वनरक्षक वाट राखतो, आणि व्यवस्थेचा तर्क पाहता हे सातत्य अपघाती मानता येत नाही.

याच काळात येणाऱ्यांची जातकुळीही बदलली होती. १९५४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या गिरिविहारसारख्या संस्थांनी सह्याद्रीत गटाने हिंडण्याची शिस्त घालून दिली, गो. नी. दांडेकर यांच्या लेखनाने व त्यांच्याबरोबर निघणाऱ्या दुर्गयात्रांनी मध्यमवर्गीय तरुणांना किल्ल्यांकडे वळवले. आणि १९७४ मध्ये शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीने या ओढीला सार्वजनिक मान्यता दिली. त्या पिढीचे दुर्गप्रेमी वासोट्यास मुक्कामी जात. गडावरील मारुतीच्या व महादेवाच्या देवळाशी किंवा टाक्याच्या आसऱ्याला रात्र काढून दुसऱ्या दिवशी डोंगरधारेने नागेश्वराच्या गुहेकडे जावे आणि चोरवण्यास, म्हणजे कोकणात, उतरावे, हा त्यांचा मार्ग होता. महाशिवरात्रीस नागेश्वराला येणारे कोकणातील भाविक हीच वाट उलट दिशेने चढत.

वाघ, बिबट्या, गवा आणि अस्वल यांच्या अधिवासात रात्री शेकोट्या पेटू नयेत म्हणून अभयारण्यातील मुक्काम बंद झाला, पावसाळ्यात प्रवेशच थांबला आणि वाटाड्या बरोबर घेणे रीतसर झाले. हे निर्बंध सकारण आहेत. पण त्यांनी फेरीचा घाट बदलला, हेही नोंदवले पाहिजे. नावेची वेळ, चौकीची नोंद आणि सूर्यास्त यांच्या मध्ये जेवढे बसते तेवढेच आता पाहिले जाते, त्यामुळे वासोटा आणि नागेश्वर यांपैकी एकाचीच निवड बहुतेक गटांना करावी लागते, आणि घाटमाथ्याला कोकणाशी जोडणारी ही वाट बामणोलीहून येणाऱ्यांच्या लेखी बाबूकड्याच्या काठाशी संपते. बामणोलीच्या बोट क्लबांना आणि वाटाड्यांना मात्र या बदलाने रोजगार दिला. कोयनेच्या पाण्याने ज्या कुटुंबांची शेती नेली, त्यांच्यातील काहींचा चरितार्थ आज त्याच पाण्यावर नाव हाकून चालतो, आणि पावसाळ्याचे चार महिने हंगाम बंद असला की तो पुन्हा मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पगारावर अवलंबून राहतो.