साठवण तळे आणि पावसाळी गटार

१७. साठवण तळे : दुर्गमधील पद्मनाभपुरच्या संदर्भात लेखकाने हा शब्द गावतळ्यासाठी वापरलेला नाही. छत्तीसगडात गावतळ्यांना तोटा नाही, म्हणून हा खुलासा. पावसाचे पाणी काही तास अडवून सावकाश सोडणारे तळे येथे अभिप्रेत आहे.

अशा तळ्यात पाणी आणणाऱ्या पावसाळी गटाराची नळी ठरवताना अभियंता बहुधा एकच आकडा काढतो : कमाल प्रवाह. १० हेक्टर वस्ती, तासाला ५० मिमी पाऊस आणि त्यातला सात-दशांश वाहून येणार असे धरले, तर सेकंदाला जेमतेम १ घनमीटर पाणी होते. नळीपुरता हा हिशेब ठीक. तळ्याला मात्र तो अपुरा पडतो, कारण तळे आकाराला येते ते एकूण पाण्यावर. पाऊस किती वेळ पडला, प्रवाह कसा चढला, कसा ओसरला, हा सगळा आलेख त्याला लागतो. शिवाय तळे भरत गेले की त्याची पातळी नळीच्या तोंडावर येते आणि पाणी मागे तुंबते. म्हणजे तळ्यामुळे नळीचीच क्षमता घटते. दोन्हींची गणिते वेगळ्या टेबलांवर केली, तर ही गोष्ट कोणाच्याच कागदावर येत नाही.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. पुढे तिथल्या हिंदमाता या सखल भागासाठी, असेच पाणी अडवायला, भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या. तिथे पाणी मागे तुंबवणारा दाब समुद्राच्या भरतीचाही असतो. दुर्ग-भिलाईला ती पीडा नाही.
— संपा.